उंबऱ्यावरचे चिंचोके

भामाबाई : ...तवा आता आत आलात काय, न आलात काय, सारखंच. पर दारात उभ्या राहू नका, आत्या. आठ दिस झालं, सांगवीतली एक बाई माज्या दारात थांबत न्हाय. तुमालाबी नावं ठेवतील.

धोंडाबाई : ठेवू देत. आत याला तोंड न्हाय मला. हितंच बरी हाय.

भामाबाई : मग काय काम काढलंत ते सांगा. मला बोचकी बांधायचीत. उद्या गाडी कळंबला जायची.

धोंडाबाई : माहेरी? कितीक दिसांसाटी?

भामाबाई : मालक म्हणाले, निवळंस्तवर राहा तितंच. निवळणार कवा, ते त्यांनाबी ठावं न्हाय. मी आडावर घागर ठेवली की बाया बाजूला व्हत्यात. पोरास्नी घरात ओढून घेत्यात. परवा कारखान्याच्या सभेला मालक गेले, तर तितंबी एकानं इचारलं, तुमची मंडळी करणी करत्यात म्हणं, खरं का?

धोंडाबाई : करणी नव्हती ती.

भामाबाई : ते मला ठावं हाय.

धोंडाबाई : मला काल कळलं. तू जरा ऐकून घे, भामे. आवसंची सकाळ. दार उघडते तर उंबऱ्यावर चिंचोकं मांडलेलं. वाकडंतिकडं, कुंकवात बुडवलेलं. म्हस आठ दिस दुधाला आटलेली. माज्या जिवाचं पाणी झालं. आन समोर घर तुजं. दुसरं कुणाचं नाव येणार तोंडात?

भामाबाई : नाव आलं, इथपतूर समजलं मला. पर हाताला धरून आडावर नेलंत. बारा बायांम्होरं खंडोबाचा बेलभंडारा उचलाया लावलात. शेवटी शपत घेतली तरी कुणाला पटलं न्हाय. त्याचं काय?

धोंडाबाई : त्याचंच सांगते न्हवं. काल गोठ्यात सारजा बसलेली, तसंच चिंचोकं मांडत. मला वाटलं, नातीलाबी बाधलं. दोन ठिवून दिल्या. तिची आय शकू खुरपाय गेलेली, बाप संभाजी पाटाच्या पाण्यावर, सोडवाय कुणी न्हाय. तवा हुंदकं देत बोलली, ह्यो भामाकाकूचा खेळ हाय, आजी. अक्षरं हायती ती.

भामाबाई : मारलंत तिला?

धोंडाबाई : मारलं.

भामाबाई : पाच वर्साचं लेकरू, आत्या.

धोंडाबाई : व्हय. कालपास्नं माज्या हातचं खात न्हाय ती. शकूच्या पदराआडनं बघती नुसती. पर तुला आवसंलाच कळलं असंल की, हे अक्षरं हायती म्हणून. मग का बोलली न्हाईस?

भामाबाई : तुमच्या हातात केरसुणी व्हती. सारजा दाराआड उभी. म्हटलं, माजं काय, मी थोरली हाय. तिचं नाव निघालं तर केरसुणी तिच्या पाठीत बसंल.

धोंडाबाई : म्हणून भंडारा उचललास?

भामाबाई : खोटं न्हाय बोलले. माज्या हातानं मांडलं न्हाय, एवढंच म्हणाले. न्हवतंच मांडलं.

धोंडाबाई : आन मी घरी जाऊन सांगितलं, बगा, भंडारा उचलताना तिचा हात कसा थरथरला. रंगवून सांगितलं, भामे. चार घरी सांगितलं.

भामाबाई : ऐकलं मी तेबी.

धोंडाबाई : पर ह्यो खेळ तरी कसला म्हणायचा? सांग की मला.

भामाबाई : देवळात दुपारचा बायकांचा वर्ग हाय न्हवं, तितल्या बाईंनी सांगितलं. पोरास्नी धरून बसवू नका, रागं भरू नका, खेळता खेळता शिकवा. मग मी परातीत राख पसरते. पोर बोटानं गिरवती. त्यावर चिंचोकं मांडायचं. चुकलं तर परात हलवायची, झालं कोरं. भाकऱ्या करताना गोष्टीचं पातळ पुस्तक चुलीपाशी ठेवते. मी वाचते, पान सारजा उलटती. कवा कवा माज्या आधीच वाचती. मग लई हसती.

धोंडाबाई : आमच्या घरात हसलेली न्हाय ठाऊक मला ती.

भामाबाई : हितं हसती.

धोंडाबाई : शकू म्हणत व्हती, मीबी जाते त्या वर्गाला. मी म्हणाले, अक्षरं खाऊन पोट भरणार हाय का? भांडी कोन घासंल? भांडी घासाय गेली बिचारी. बरं, आन त्ये कुंकू? त्येबी बाईंनीच सांगितलं?

भामाबाई : न्हाय. ते पोरीचं पोरीनंच. देवाला लावत्यात, चांगलं दिसतं, म्हणून लावलं असंल.

धोंडाबाई : चुकलं माजं. म्हणूनच आले मी. आता बोचकी सोड आन ऱ्हा घरात गुमान.

भामाबाई : माज्या एकटीपाशी चुकलं म्हणून काय व्हतंय, आत्या? तुमी बोलला व्हतात आडावर.

धोंडाबाई : म्हंजे आता आडावर जाऊन सांगू? बारा बायांम्होरं? माज्या वयाला? माजी व्याहीण हाय त्यात. उद्या समदी सांगवी म्हणंल, धोंडाबाईनं पोरखेळाला करणी म्हटलं.

भामाबाई : मी कुठं म्हणते सांगा. नका सांगू. मी जाते कळंबला. चार म्हयन्यांनी इसरतील लोक.

धोंडाबाई : न्हाय इसरत. मी कुणाचं इसरले व्हय कवा?

भामाबाई : जा तुमी आता. ऊन चढंल.

धोंडाबाई : जाते. एक सांग तेवडं. उंबऱ्यावर लिवलं काय व्हतं?

भामाबाई : कशाला आता ते.

धोंडाबाई : सांग की. वंगाळ व्हतं का काय?

भामाबाई : वंगाळ कशाला असंल? आदल्या दिशी सांजचं आली व्हती पोर. म्हणाली, काकू, 'धों' कसा काढायचा? तेवडाच जमत न्हाय मला. मी राखेत काढून दावला. चार येळा गिरवून घेतला तिनं.

धोंडाबाई : धों?

भामाबाई : तुमचं नाव, आत्या. धोंडाआजी. शेवटची वेलांटी उलटी पडली व्हती. बाकी समदं बरोबर व्हतं.

धोंडाबाई : माजं नाव?

भामाबाई : बसा जरा. पाणी देते.

धोंडाबाई : नगं पाणी. मी त्यावर थुंकले, भामे.

भामाबाई : व्हय.

धोंडाबाई : डाव्या पायानं लोटलं. केरसुणीनं भरून पाटात नेऊन टाकलं. पोर दाराआडनं बघत व्हती?

भामाबाई : समदं बघत व्हती.

धोंडाबाई : मला वाटलं, आठ दिस ती करणीला भ्याली म्हणून माज्याजवळ येत न्हाय. मी तिची दृष्ट काढत बसले. शरम वाटती गं मला. एवढी शरम जन्मात वाटली न्हाय. आता आडावर कोन असंल?

भामाबाई : ह्या वक्ताला समद्याच असत्यात.

धोंडाबाई : चल.

भामाबाई : मी कशाला?

धोंडाबाई : त्या दिशी हाताला धरून नेली व्हती, तशीच आज नेते. माजा हात सोडू नगं. सोडलास तर मी माघारी पळंन.

(आडावर. छबूबाई दोर ओढते आहे. दोघींना हातात हात घालून येताना पाहून बायका बाजूला सरतात.)

छबूबाई : आक्का, हिला घेऊन कुठं? आज काय आनिक घडलं का?

धोंडाबाई : दोर सोड, छबे, आन ऐक. समद्या ऐका. त्या दिशी भंडारा तूच आणला व्हतास, म्हणून तुज्याच नावानं सांगते. भामानं काय केलं न्हाय. उंबऱ्यावर चिंचोकं माज्या सारजानं मांडलं व्हतं. हिच्यापाशी खेळता खेळता शिकली ती अक्षरं. तिनं माजं नाव मांडलं व्हतं, आन मी त्याला करणी म्हणाले.

छबूबाई : अगं बाई. पोरीनं?

धोंडाबाई : पोरीनं. हिला ठावं व्हतं. सारजाला मार बसू नये म्हणून ही गप ऱ्हायली. तुमी आठ दिस हिला वाळीत टाकलंत ते माज्यामुळं. शिव्या द्यायच्या तर मला द्या.

छबूबाई : शिव्या कशाला, आक्का? आवसंची सकाळ ती, धड उजाडलंबी नसंल. तुमची नजर आता थकली. कुणालाबी तसंच दिसलं असतं. एवढं मनाला लावून घेऊ नका.

धोंडाबाई : नजर चांगली हाय माजी. सुईत दोरा ओवते अजून. चिंचोका न् चिंचोका दिसला व्हता मला.

छबूबाई : मग?

धोंडाबाई : मला वाचता येत न्हाय, छबे. संभाजीला न्हाय, शकूला न्हाय. आमच्या घरात वाचता येणारं एकच माणूस हाय, आन तिच्या गालावर माजी बोटं उठल्यात.