कमळी पोचेपर्यंत फडा नाई

…आणि घर का मी हौसेनं घाण ठेवलं? पायरीवर बकरीच्या लेंड्या, ओसरीवर धानाचा कोंडा, अन् येणारा-जाणारा पुसून राह्यला, "काऊन जी रंभाबाई, झाडणं सोडलं का?" सोडलं बाप्पा. माझी नात कमळी नर्सचं शिकाले लंडनले गेली, अन् घरचं माणूस ठिकाणी लागेपर्यंत मागून फडा फिरवाचा नाई, फिरवला का त्याची वाट पुसली जाते, हे तुमच्याकडे नाई का? आमच्या सावली गावात हाय. मूल गावाले बंडी सकाळी जुपली का दुपारच्या भाताले पोचते, मंग घ्या फडा. लेक चिमूरले सासरी गेली, तीन दिस थांबलो. सारा हिसाब ठरेल हाय. पण इमानाचा हिसाब कोण सांगन? मंगळवारी घरून निघाली, गुरुवारी मुंबईहून उडाली, हे साऱ्या गावाले मालूम. पोचली कवा, थे सांगा ना…

सोमाजी मास्तराकडे गेलो. मी शाळेत पाय नाई देला, पुड्यांचे कागद वाचून अक्षर शिकलो, पण नकाशाले भेत नाई. मास्तरानं मुंबईवर टाचणी लावली, लंडनवर लावली, मधात दोरा ताणला अन् म्हणते कसे, "साडेचार हजार मैल, रंभाबाई. इमान चालते तासाले तीनशे मैल. पंधरा तास." म्हटलं बरं झालं, पंधरा तासानं झाडतो. त म्हणते, "थांबा, वाटेत तेल घ्याले उतरते, दोन-तीन जागी. चोवीस धरा." धरले. "अन् तिथली घड्याळं आपल्या साडेपाच तास मागं." मंग हे साडेपाच मिळवाचे का काढाचे? पोट्टी तिथी पोचून बी मागंच का? मास्तर डोकं खाजवून राह्यले. अहो, शिकेल माणूस तुम्ही, पोचली कवा थे सांगा ना…

घरी सून वच्छला, कमळीची माय. तिनं भात वाढला, त्यात कोंडा उडून पडला, थो बोटानं काढला अन् हळूच म्हणे, "बाई, अजून एक दिस राहू द्या. मास्तराचा दोरा चुकला असन त?" मी फडा दाराआड ठेवून देला.

शनिवारी पोस्टातला सादिक तार घेऊन आला. सायकल उभी नाई केली, पाडलीच. "सुखरूप पोचली. थंडी हाय." तीनदा वाचाले लावली. म्हटलं, सादिकभाऊ, पोचली कवा? म्हणे, "थे नाई लिवलं, मोठीमाय." जाऊ दे. घेतला फडा. झाडत झाडत ओसरीच्या टोकाले आलो, कोंडा हटला, अन् खाली सारवणात उमटेल पाय… डावा. निघताना वल्या सारवणावर पाय देला होता पोट्टीनं. अन् मी काय म्हटलं तिले, जाता जाता? "डोळे हायेत का गोट्या?" हेच. संभाळून जा नाई, सुखी राह्य नाई. गोट्या.

वच्छला शेणाची बादली घेऊन आली. "सरा बाई, सारवून टाकतो." मंग तिनं पाह्यलं. बादली खाली ठेवली.

आता साऱ्या घराले सारवण, अन् थ्या पायावर पालथं टोपलं. लोक पुसतेत, हे टोपलं निघन कवा? मास्तराले पुसलं जी. म्हणते, परत येवाले बी तेवढेच चोवीस तास.

निस्तं शिकून तिथून निघाले तीन वर्स हायेत.