दुपट्याची चौथी बाजू

त्या पाटावर नगं बसू, त्याचा एक पाय हालून राहिला — हितं बस, पेटीवर. पेटीला काय व्हत न्हाई, चिंध्याच हायेत आत. बोचकं ठिव खाली. आशाबाईनं पाठविलं म्हन की. तुझी आई आपण न्हाई यायची, मला ठाऊक हाय, चार घरं वलांडून यायला तिला सव्वीस वर्षांत पाच-सहादा जमलं आन दर बारीला कामच व्हतं. काम नसलं की पंचफुला कोन आन कुठली. तिचे गुडघे धरलेत म्हणतीस? धरू दे, माझेबी धरलेत. तू आलीस हेच लई झालं. आठवा लागला ना? दिसून राहिलं. सेनगावची तुझी सासरची मानसं खाऊ-पिऊ घालतेत म्हंजे. पानी घे, तांब्या तुझ्या मागंच हाय, मी उठत न्हाई, मांडीवर सुई हाय.

काय म्हणालीस? ह्या वाकळींतली कोणती पुरी झाली? एकबी न्हाई. काहून हसलीस — हास, हास, समदी गल्ली हासते. दुसऱ्या बायांची वाकळ दोन महिन्यांत होती, पंचफुलाबाईची पंधरा वर्षं चालून राहिली. मी काय पोटासाठी करते का? कापसाच्या जिनिंगमधी होते तोवर माझ्या नवऱ्यानं, भीमराजनं, पोट भरलं, ते गेल्यावर वावर बटईनं दिलं, एकटीला लागतं किती. ही माझी हौस हाय. हौशीला कोन इचारनार, कधी झालं म्हणून? ती कोपऱ्यातली पोती बघ, युरियाची — तीन पोती नुसती कतरण. बाजारातला मकबूल दर्जी द्यायचा, आता त्याच्याकडं कोन शिवायलाच येत न्हाई तर कतरण कुठून देईल तो. त्या पोत्यात रंगाचं येगळं ठिवलंय, ह्यात पांढरं, आन त्या तिसऱ्यात काय हाय ते मलाच ठाऊक न्हाई. वर माळ्यावर लुगडी. कोन मेलं, कोनाचं घर मोडलं, कोनाची म्हातारी सुनंनं दुसऱ्या पोराकडं पुण्याला धाडली, की कापड माझ्याकडं येतं. टाकायला जीव व्हत न्हाई आन घरात ठिवायला नगं वाटतं, मंग पंचफुलाबाईकडं दे.

ही पांढरी बघ. भीमराजची धोतरं हायेत. ते गेले त्या सालीच धरली, वाटलं वर्षश्राद्धाला पुरी करावी. आन ही — हिचा रंग उडाला आता — ही माझ्या भाचीच्या, रागिणीच्या लग्नासाठी घातली व्हती. रागिणीचं पोरगं सातवीत हाय. फोन करती दिवाळीला, म्हणती मावशी माझी वाकळ कुठवर आली, मी म्हणते येऊन राहिली, येऊन राहिली. ही निळी शाळेच्या कपड्यांची, मकबूलनं एका सालात दीडशे लेकरांचे ड्रेस शिवले व्हते त्याची कतरण. कोनासाठी? कोनासाठीच न्हाई. टाका बघ मात्र. हात लाव. तांदळाएवढा टाका हाय का न्हाई, पाठीमागूनबी तेवढाच. उगं सांगत न्हाई मी, आपल्या जवळा गावात असा टाका दुसरीचा न्हाई, हे तुझी आईबी कबूल करंल. टाक्यापुरतं ती समदं कबूल करती.

सोड बोचकं, बघू काय काय जमविलंय.

हं. हे मऊ हाय, चांगलं हाय. हे पिवळं मी वळखते, खालच्या आळीच्या म्हातारीचं — सहा लेकरं, साही जित्ती. हे तुझ्या सासूचं असंल. हे आशाबाईचंच. बराबर हाय, तुझी आई काय चुकनार हाय का. दुपट्याचं कापड असंच गोळा करायचं असतं, तुला सांगितलं असंल तिनं — जुनंच पाहिजे, धुऊन धुऊन मऊ झाल्यालं, आन जिची समदी लेकरं जगली तिच्याच अंगावरलं. जिचं एक जरी गेलं तिचं चिंधूकबी चालत न्हाई. तिचा हात चालतो. तिनं बसून, मान मोडून, डोळे फोडून टाके घातले तर चालतं, कापड तेवढं नगं. मला कधी समजलं न्हाई बाई हे. हाताला लागत न्हाई ते कापडाला कसं लागतं? तू शिकलेली, तू सांग.

आन हे खाली काय —

हे काहून आणलंस तू?

न्हाई, वळखलं की. वळखनार न्हाई तर. माझेच टाके हायेत. तुझं दुपटं हाय हे. सव्वीस वर्षं ठिवलं तिनं? डांबरगोळ्या घालून? वास येऊन राहिला. तरी म्हटलं बोचकं एवढं जड कसं. काय म्हणाली आई — नीट सांग, तिनं काय सांगितलं तेच सांग.

पोटात घालायचं. नव्याच्या पोटात हे जुनं जसंच्या तसं घालायचं, आन वरून खालून ही कापडं. लाभलेलं दुपटं हाय म्हणून. व्हय, तशी रीत हायेच, जुन्यावर नवं चढवायचं. पंचफुलाच्या हातचं लाभलं. मला लई बारी ऐकवलंय तिनं हे, चारचौघीत बसली की सांगती, माझ्या पोरीला साधं पडसं झालं न्हाई ह्या दुपट्यात. आन मी मान खाली घालून आपली सुई वढत राहते.

तू पानी पी आदी. पी. मंग सांगते.

मला पोरगी झाली व्हती. ठाऊक हाय? कोनी सांगितलं नसंल तुला, गल्लीत कोन काढत न्हाई तो इषय. तुझ्या आदी तीन महिने. माझ्या आईच्या हिरव्या लुगड्याचं दुपटं घातलं व्हतं मी तिच्यासाठी, तीन बाजू झाल्या व्हत्या, चौथी राहिली तवर ती लवकरच आली. वाटलं, आता हिला मांडीवर घेऊनच चौथी बाजू घालीन. अकराव्या दिशी गेली. बारशाच्या आदल्या दिशी. नाव ठिवलंच न्हाई तर हाक काय मारावी — अजूनबी मनात येती तर नुसतीच येती, बिननावाची. असो. मंग तुझ्या आईचे दिवस भरत आले. हेच बोचकं असंच घेऊन आली ती, हितंच बसली. मला राग न्हाई आला, खोटं न्हाई सांगत, मला बरं वाटलं, म्हटलं हिनं आपल्याला इचारलं तरी. मी माझी लाल साडी आणली आतून, लई मऊ झालती, म्हटलं आशा, माझाबी एक तुकडा असू दे ह्यात. तिनं ढिगावरून माझी साडी दोन बोटांनी उचलली — अशी, उंदीर धरावा तशी — आन बाजूला ठिवली. मंग म्हणाली, "तुझं नगं पंचफुला. तू नुसता टाका घाल."

मी घातला टाका. दुपारची येळ व्हती, भीमराज जिनिंगला गेलते. तीन बाजूंचे टाके आदल्या आठ दिसांत झालते, चौथी उघडी व्हती. आन मंग उठून माझ्या पोरीच्या दुपट्याचा वीतभर तुकडा कापला कात्रीनं, मधून, आन तुझ्याच्या मधी ठिवला. तिसऱ्या थराखाली. वरून टाके घातले, तांदळाएवढे, कुनाला दिसनार. हितं — बोट लाव. हितं जरा जाड लागतं ना?

हात काहून काढलास.

काहून केलं, असं इचारून राहिलीस ना मनात. मी लई वर्षं मलाच सांगत आले की माझ्या पोरीची चीज कोनाच्या तरी कामी यावी म्हणून केलं. चांगलं वाटतं ऐकायला. तसं न्हाई. त्या दुपारी मला वाटलं, हिलाबी कळू दे. त्या दोन बोटांनाबी कळू दे. एवढंच वाटलं आन एका दुपारपुरतंच वाटलं, संध्याकाळी दुपटं तुझ्या घरी पोचतं केलं आन परत येताना दोनदा मागं फिरले. पर मागायला जाऊ कोणत्या तोंडानं? तू झालीस. पाचव्या दिशी गेले, म्हटलं आशा दे, दुपटं धुऊन देते, मनात हे की उसवीन आन काढीन. ती म्हणाली राहू दे, लेकरू त्याच्याबिगर झोपतच न्हाई. अकराव्या दिशी सकाळपासून तुझ्या दारात बसले सूप घेऊन, तूर निवडायला. तू रडलीस की जीवात जीव यायचा. गप झालीस की तूर तशीच टाकून आत बघायला जायचे. तुझी आई म्हणायची, पंचफुलाचा लई जीव हाय पोरीवर. जीव? भेव व्हतं ते. बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, मंगच मी सूप उचलून घरी आले.

मंग तू दोन वर्षांची असताना तुला गोवर आला, मी तीन दिवस जेवले न्हाई. दहावीला तुला कावीळ झाली तवा जिनं औंढ्याच्या देवळात जाऊन अभिषेक केला ती कोन? मीच. घरात कोनाला ठाऊक न्हाई. तू सायकलवरून पडलीस, तू परीक्षेला गेलीस, तुझं लग्न सेनगावला झालं, दर बारीला मला वाटायचं आता. भिता भिता तुझ्यात जीवबी अडकला, ते खोटं न्हाई. पर आदी भेवच व्हतं.

तवापासून ह्या हातानं एकबी पुरं केलं न्हाई. तू इचारलंस ना, कोणती झाली म्हणून. बघ नीट. धोतरांची बघ, रागिणीची बघ, निळी बघ — समद्यांच्या तीन बाजू झाल्यात आन चौथी उघडी. पुरी झाली की कोनाच्या तरी अंगावर जाती बाई. मी काय घातलं पोटात ते मला ठाऊक असतं, काय वाटत व्हतं शिवताना तेबी ठाऊक असतं. नगं मला. लोक म्हणतेत आळशी हाय, म्हणू दे.

आता तू म्हणशील, काकू, मला कशाला सांगितलं? गुपचूप उसवून तुकडा काढला असता तर मला कळलंबी नसतं. खरं हाय. ह्या सुईनं दहा मिनिटांचं काम. तुझ्या आईचं लाभलं-लाभलं ऐकून कान किटले माझे, तेबी हाय. पर मला आनखी एक वाटून गेलं, वेड्यासारखं. ही शिकलेली हाय, असं काय मानत नसंल. आन त्याच दुपट्यात ही धडधाकट वाढली, सव्वीस वर्षांची झाली. म्हटलं ऐकून घेईल आन म्हणंल, राहू दे काकू तो तुकडा हाय तिथं, तसंच शिवा. तू म्हणाली असतीस तर मी चौथी बाजू घातली असती. तुझ्या लेकरासाठी. आजच बसले असते.

ही बघ, सुईत दोरा ओवलेलाच हाय.

न्हाई, काय झालं — तू उठलीस काहून? पेटीतून काय भाईर येत न्हाई, बस. व्हय, ह्याच पेटीत हाय, तिचं दुपटं, मधी वीतभर भोक पडल्यालं. त्यावर बसविलं म्हणून राग आला का? मला ध्यानात न्हाई आलं, पाट हालून राहिला म्हणून म्हटलं. पोटावरचा हात काढ माय, मी काय करत न्हाई तुझ्या पोटाला. मला काय करता येतं? काय करता आलं असतं तर तू सव्वीस वर्षांची झाली असतीस का?

बरं. बांध बोचकं. पिवळं राहिलं बघ, तेबी घे, म्हातारी इचारंल. मकबूलची बायको मदीनाबी हाय ना, ती शिवून देईल, टाका जरा मोठा पडतो तिचा पर लेकराला काय समजतं. आईला काय सांगायचं ते तू बघ. काकूला आता दिसत न्हाई म्हण, सुईत दोरा ओवता येत न्हाई म्हण. तिला खरं वाटंल, आन वाईटबी वाटायचं न्हाई.

प्रियदर्शनी. अगं, तुझं दुपटं राहिलं की. पेटीवर, हे बघ. घे.

राहिलं, का ठिवलंस?

बरं. ठिवलंस तर ठिवलंस. मी काय म्हणत न्हाई. उंबरा उंच हाय, हात धरून उतर. दार वढून घे जाताना.