मोहरी रंगाचा कोट

विल्फ : कोट काढायचा नाही, पोरी. अजून संपलेलं नाही.

लिनेट : विल्फ, पाच-शून्यनं मागे आहोत आपण.

विल्फ : म्हणूनच म्हणतो. तो कोट अंगावर असताना आपलं विदरशॉ हरलेलं नाही. जानेवारीपासून एकदाही नाही.

लिनेट : जानेवारीत थंडी होती हो. हा मे आहे. फायनलला अख्खं वेम्बली स्टेडियम अर्ध्या बाह्यांत बसलंय आणि मी लोकरीत शिजतेय. गॉर्डन, तू तरी सांग. शाळेत विज्ञान शिकवायचास ना?

गॉर्डन : भूगोल.

लिनेट : तीस वर्षं संसार केला आणि मला विज्ञान वाटत होतं.

गॉर्डन : राहू दे अंगावर. थोडाच वेळ आहे.

विल्फ : आपला गोलकीपर बघा. चेंडू आत गेल्यावर आडवा पडतो. अडवायला नाही, शोक करायला.

(विदरशॉचे प्रेक्षक एकदम गाऊ लागतात : ‘आपण जिंकणार, सहा-पाच!’)

लिनेट : यांना मोजता येतं की नाही?

गॉर्डन : येतं. म्हणून तर गातात.

विल्फ : मी जरा मोकळा होऊन येतो. मी उठलो की गोल होतो, असा अनुभव आहे.

लिनेट : आपला?

विल्फ : तेवढी खात्री देत नाही. पाय घ्या बाजूला.

लिनेट : गॉर्डन, मला तुला एक सांगायचं होतं. जानेवारीपासूनच.

गॉर्डन : मधल्या खोलीत, पलंगाखाली. निळी बॅग, कपडे भरलेली.

लिनेट : कधी पाहिलीस?

गॉर्डन : चषकाच्या तिसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी. मोजे शोधत होतो.

लिनेट : आणि बोलला नाहीस.

गॉर्डन : तूही नाही बोललीस.

लिनेट : परतताना बसमध्ये सांगणार होते. म्हणून तर आले त्या सामन्याला, जन्मात पहिल्यांदा. आणि तुम्ही शेवटच्या मिनिटाला गोल केलात. तू रडत होतास. रडणाऱ्या माणसाला काय सांगायचं? तोवर विल्फनं बसभर जाहीर केलं, कोट शुभ आहे. पुढच्या फेरीआधी खाटीकसुद्धा विचारायला लागला, कोट येणार ना? सगळ्या गावाचं नशीब अंगावर घालून मी घर सोडून व्हिटबीला बहिणीकडे कशी जाणार होते?

गॉर्डन : हरलो की जायचं, असं ठरवलंस.

लिनेट : पुढच्याच फेरीत हराल असं वाटलं. विदरशॉच ते.

गॉर्डन : सगळ्यांनाच वाटलं होतं. गावाला चषक हवा होता, मला नुसती पुढची फेरी. उपांत्य सामन्यात तर मी बरोबरीच मागत होतो. पूर्वी बरोबरी झाली की सामना काही दिवसांनी पुन्हा खेळायचे. तेवढेच दिवस मिळाले असते. आता ते बंद केलंय. पेनल्टी मारतात आणि मोकळे होतात.

लिनेट : बसमध्ये तू बोलायचास. जाताना, येताना. कुठल्या नदीला कुठून पाणी येतं, तेसुद्धा. घरी आलास की खुर्ची आणि तू.

गॉर्डन : घरून कुठे जायचं नसतं ना.

लिनेट : पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत बाहेर पडाल.

गॉर्डन : दाट शक्यता आहे. लीगमध्ये खालच्या गटात तर उतरलोच आहोत.

लिनेट : थांब म्हणूनही बघणार नाहीस?

गॉर्डन : सहावा झाला.

लिनेट : मी काय विचारलं?

गॉर्डन : ऐकलं मी. तू थांबलीस तर मला बरं वाटेल. पण कशी थांबशील, तेही बसून बघतोय मी दुपारपासून. कोट घालून, उकडत.

विल्फ : सरका, सरका. काय चुकलं माझं?

गॉर्डन : सहावा.

विल्फ : मग सात-सहा म्हणायला हवं. ए, गाणं बदला रे! आणि पंचानं चार मिनिटं जादा दिलीत? कशासाठी? या माणसाला घरदार नाही का?

गॉर्डन : विल्फ, तिला कोट काढू द्या.

विल्फ : काढला की संपलं बघ.

गॉर्डन : हो. बाही धरतो, ओढ हात.

लिनेट : अस्तर ओलंचिंब झालंय.

विल्फ : झाली शिट्टी. बघ, सांगितलं होतं.

लिनेट : निघायचं?

गॉर्डन : एवढ्यात नाही. हरलेले आधी पायऱ्या चढून वर जातात, पदकं घ्यायला. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायच्या, मग निघायचं.

विल्फ : जिंकलेल्यांसाठी वाजवायला त्यांची माणसं आहेतच.

लिनेट : वाजवते की. हात तरी मोकळे झाले.

गॉर्डन : त्या बॅगेचं डावं चाक निखळलं होतं. उपांत्य सामन्याआधी बसवून ठेवलंय.

लिनेट : तू बसवलंस? का?

गॉर्डन : व्हिटबीला स्टेशनपासून तुझ्या बहिणीच्या घरापर्यंत सगळा चढ आहे.