गाडीच्या फिल्टरमधील दोन रिंगांबाबत पुरवणी जबाब

दिनांक २० नोव्हेंबर, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

जबाब देणार : फिरत्या वाचनालयाच्या व्यवस्थापक, वय ४४ वर्षे, शिक्षण एम.ए., राहणार वाचनालयाच्या कार्यालयावरचा मजला.

समक्ष हजर राहून सांगते की, मी ३ तारखेला याच ठाण्यात तक्रार दिली होती. आमचे चालक अप्पा यांनी रागाच्या भरात वाचनालयाच्या गाडीच्या टाकीत पाणी ओतले व त्यामुळे गाडी चालू होत नाही, असे मी त्यात म्हटले होते. ती तक्रार खरी नाही. हे मला ६ तारखेपासून माहीत आहे. मधले चौदा दिवस मी गप्प राहिले, त्याबद्दल आधी दिलगिरी नोंदवावी.

अप्पा आमच्याकडे अकरा वर्षे आहेत. ऑक्टोबरअखेर ते मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर होते. डिझेलचा फिल्टर बदलायची वेळ झाली होती व नवा फिल्टर कपाटात होता. २९ तारखेला मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून तो स्वतः बदलला. गाडी दहा मिनिटे चालू ठेवून पाहिली. मी रोजनिशी लिहिते. त्या दिवसाच्या पानावर ‘फिल्टर मी बदलला. जमले.’ असे आहे व ‘जमले’खाली रेघ आहे. ते पान हजर करते.

अप्पा १ तारखेला कामावर आले व फेरी करून आले. २ तारखेला सकाळी गाडी चालू व्हायला वेळ लागला, म्हणून त्यांनी बॉनेट उघडले. नंतर कार्यालयात येऊन विचारले, “ताई, माझ्या गाडीला कुणी हात लावला?”

मी म्हणाले, “गाडी तुमची नाही, वाचनालयाची आहे.”

विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते. मी लावला, एवढे म्हटले असते तर त्यांनी तिथेच फिल्टर उघडून पाहिला असता. ते मी का म्हटले नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. “मग चालवा तुमची तुम्ही. माझ्याशिवाय चालू करून दाखवा,” असे म्हणून ते गेले. त्यांचे हे वाक्य मी पहिल्या जबाबात सांगितले होते. त्याच्या आधीचे माझे वाक्य सांगितले नव्हते.

३ तारखेला बदली चालकाने सेल (स्टार्टर) मारून मारून बॅटरी उतरवली. गाडी काही चालू झाली नाही. टाकीचे झाकण मला सैल वाटले. समोरचा टायरवाला म्हणाला, “डिझेलमध्ये पाणी असणार. कुणाशी वाकडं आहे का तुमचं?” तासाभरात मी ठाण्यात होते.

६ तारखेला डिझेल इंजिनाच्या पंप-नोझलचे काम करणारे मिस्त्री आले. त्यांना सगळे नोझलकाका म्हणतात. त्यांनी बॅटरी बदलून मला सेल मारायला लावला व स्वतः सायलेन्सरपाशी उकिडवे बसले. म्हणाले, “धुराचा पत्ता नाही. म्हणजे इंजिनाच्या तोंडात घासच पडत नाहीये. आता मधल्या मध्ये कोण खातंय ते बघू.”

त्यांनी टाकीच्या तळाचे डिझेल काचेच्या बरणीत काढून अर्धा तास ठेवले. पाणी असते तर खाली वेगळे दिसले असते. दिसले नाही. “पाणी कोण म्हणालं?” त्यांनी विचारले. मी टायरवाल्याचे नाव सांगितले.

मग त्यांनी टाकी व फिल्टर दोन्ही वगळले. बाटलीत चांगले डिझेल भरून ती उंचावर टांगली, तिची नळी थेट पंपाला जोडली, हवा काढली व सेल मारला. गाडी लगेच चालू झाली. म्हणजे पंप ठीक, नोझल ठीक, दोष अलीकडे. मग बाटली काढून जुनी जोडणी केली व फिल्टरच्या पुढे हातभर पारदर्शक नळी बसवली. डिझेल पुढे ढकलायचा फिल्टरवरचा हॅण्डपंप दाबताच तिच्यातून बुडबुडे जाऊ लागले. नळीत मधमाश्या शिरल्यासारखे दिसत होते. “एअर घेतेय,” काका म्हणाले व त्यांनी फिल्टर खोलला.

नव्या फिल्टरला स्वतःची रबरी रिंग होती. वर, फिल्टर जिथे बसतो तिथे, जुन्या फिल्टरची रिंग तशीच चिकटून राहिली होती. मी जुनी काढलीच नव्हती. एकावर एक दोन रिंगा दोन-चार दिवस धरून राहतात, मग हवा आत येते व रात्रभरात डिझेल टाकीत परत उतरते, असे काकांनी समजावले. ती जुनी रिंग लिफाफ्यात घालून हजर करते.

काका हसून म्हणाले, “कोणत्या दीडशहाण्यानं बसवलाय हा? अप्पा असला उद्योग करायचा नाही. नवा माणूस ठेवलाय का?”

मी “बघते” म्हणाले.

त्यानंतर गाडी रोज चालू होते. मी रोज सकाळी खाली जाऊन सेल मारून पाहते, गरज नसताना दोनदा. झोप कमी झाली आहे. या चौदा दिवसांत रोजनिशी लिहिलेली नाही.

काल दुपारी अप्पा सीटवरची आपली उशी न्यायला आले. एका शाळेने त्यांना बसवर घेतले आहे, रुजू व्हायचे परवा. शाळेला पोलिसांचा दाखला हवा आहे. तो या तक्रारीमुळे अडला आहे. त्यांना या ठाण्यात दोनदा बोलावून बाकावर बसवले, हे त्यांनी सांगितले नाही. त्यांच्या बायकोने फोनवर सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, “गाडी आता पटकन घेते का?” मी हो म्हणाले. “थंडी पडली की आधी हॅण्डपंप दाबा. कडक लागला की मगच सेल मारा. उगाच बॅटरीचा जीव घेऊ नका,” असे म्हणून ते उशी काखेत मारून निघाले. मी फाटकापर्यंत गेले. तेव्हाही सांगितले नाही.

आज जबाब घेताना हवालदार म्हणाले, “ताई, गाडी चालू झाली ना? मग कशाला उकरून काढता? तक्रार पडून राहील आपोआप.”

मी म्हणाले, “पडून राहील, पण त्यांच्या नावावर.”

“हे लिहिलं तर तुमच्या अंगाशी येईल. संस्थेलाही कळवावं लागेल.”

“कळवा.”

अप्पांचा दाखला आजच्या आज सोडावा, अशी माझी विनंती आहे. त्यांच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही.

हवालदारांनी वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी चांगल्या मनाने दोन ठिकाणी ‘चुकून’ हा शब्द घातला होता : रिंग चुकून राहिली, व कळवायचे चुकून राहिले. पहिल्या ठिकाणी तो ठीक होता, तरी मी नको म्हणाले. दोन्ही ठिकाणचा खोडायला लावून मी शेजारी सही केली आहे. आता मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.

(रोजनिशी, २० नोव्हेंबर) उद्या : या जबाबाची प्रत घेऊन अप्पांच्या घरी जाणे.