दहापैकी चार

नाना : तीनदा लावला फोन. ऑफिसात इतकं काय करत असतेस? इथे त्याने पोहे दोनदा घेतले, जीरावण मसालाही वरून मागून घेतला. चांगला माणूस आहे गं, संहिता.

संहिता : कोण माणूस, नाना?

नाना : तुझे व्हिडिओ बघणारा. ऋग्वेद. मानपूरहून मोटरसायकलवर आलाय बिचारा, इतक्या उन्हात. संहिताताई इथेच राहतात का, म्हणाला. म्हटलं, आओ भिया, बसा.

संहिता : त्याला घर कसं सापडलं?

नाना : तू खिडकीपाशी बसून बोलतेस ना त्या गेमांबद्दल, मागे आपल्या समोरच्या लालबागच्या मेळ्यातला मोठा पाळणा दिसतो. त्यावरून गल्ली काढली म्हणे. दिमाग आहे. मी सांगितलं, ती सहाला येते. तर म्हणाला, थांबतो.

संहिता : नाना, माझं ऐका. शेजारच्या सुहासिनीकाकूंकडे जा. दही आणायला म्हणून जा, आणि तिथेच बसा.

नाना : घरात पाहुणा, आणि मी दही मागत फिरू?

संहिता : हळू बोला. त्याला ऐकू तर येत नाहीये ना?

नाना : सगळं येतंय की. फोन स्पीकरवर आहे. मला तसा कुठे ऐकू येतो?

ऋग्वेद : नमस्ते, ताई.

संहिता : ...नमस्कार.

ऋग्वेद : त्या चार नंबरांचं विचारायचं होतं. बाकी सगळ्या समीक्षकांनी नऊ दिले. खेळणारे रडले, लोकांनी रात्री जागून संपवला तो गेम. आणि तुम्ही दहापैकी चार.

नाना : हे मात्र त्याचं बरोबर आहे हं. मी मास्तर होतो, चार तर मी नुसतं नाव लिहिणाऱ्यालाही द्यायचो.

संहिता : ऋग्वेदजी, ते फक्त माझं मत आहे. गोष्ट लांबलीय, संवाद मला बनावटी वाटले...

ऋग्वेद : मालोजीचे.

नाना : मालोजी कोण?

ऋग्वेद : गेममधला म्हातारा बाप, नाना. पूर्ण प्रवासात मुलीच्या सोबत असतो. मुलगी म्हणजे आपण, खेळणारे. शेवटी तो किल्ल्यात अडकतो, दुश्मन आत शिरलेले. मुलगी परत वळते, तर म्हणतो, "तू पुढे हो. मी बरा आहे इथे." आता परतायचं की निघून जायचं, ते आपण ठरवायचं. मी दर वेळी परतलो. दर वेळी मेलो. ताई निघून गेल्या. एकदाही मागे बघितलं नाही. आणि मग काय म्हणालात, ताई? सांगा ना नानांना.

संहिता : ऋग्वेदजी, प्लीज.

ऋग्वेद : "मरण समोर असताना कुठला म्हातारा इतका शांत बोलतो? लिहिणाऱ्याने कधी खरा बाप बघितलेला नाही." हसलात पण.

संहिता : व्हिडिओ काढून टाकते. आत्ता काढते. दहा देते, माफी मागते.

ऋग्वेद : दहा नकोत मला. तुम्ही या. एकट्या. बघू तरी, ह्या म्हाताऱ्यासाठी परत वळता का.

संहिता : (फोनवर हात दाबून, ऑफिसातल्या सहकाऱ्याला) प्रणव, पोलिसांना फोन लाव. माझ्या घरचा पत्ता दे. कोणीतरी घुसलंय म्हण, वडील एकटे आहेत म्हण. पळ!

नाना : हॅलो? आवाज गेला का?

संहिता : आहे, नाना. पुढचं दार उघडं आहे ना?

नाना : नाही. त्याने आतून कुलूप घातलं. मेळ्याचा फार गोंगाट येतो म्हणाला.

संहिता : मेळा तर परवाच उठला.

नाना : हो. मी तेच म्हटलं त्याला.

संहिता : मग?

नाना : मग काही नाही. किल्ली खिशात ठेवली त्याने.

संहिता : नाना?

नाना : हं.

संहिता : मी निघालेय. गाडीपाशीच आहे. ऋग्वेदजी, मी येतेय, ऐकताय ना? एकटीच येतेय. त्यांना हात लावू नका.

ऋग्वेद : या, या. आम्ही बसलोय.

नाना : सांवेर रोडला ह्या वेळेला किती ट्रक असतात. कशाला दगदग करतेस? आम्ही आता दुसरा चहा टाकतोय. काय भिया, साखर किती?

संहिता : नाना, मी येतेय म्हटलं ना!

नाना : नको येऊस, बेटा. मी बरा आहे इथे.