कजोडजींच्या शेतातली राखण

मी वेंगुर्ल्याचा. आता तुम्ही विचाराल, वेंगुर्ल्याचा माणूस जयपुरात कशाला मरायला आला, तर तेच सांगतोय, जरा दमानं घ्या. आमचं घर बंदराच्या रस्त्याला, मागे सात-आठ माड, एक विहीर, भाजीचा मळा, थोडी भाताची खाचरं, आणि पुढच्या पडवीत आईची खानावळ. तेव्हा मुंबईची आगबोट यायची, पडावातून माणसं किनाऱ्याला लागायची, उलट्या करून करून पिवळी पडलेली, ती सगळी पहिली आमच्या पडवीत. आणि आई पान वाढताना सांगायची, ह्या शिराळा मागच्या मांडवावरचा, हो बांगडो आताच रापणीत गावलो, भात आमच्याच खाचरातलो. पानात काय आहे आणि ते कुठून आलं हे सांगितल्याशिवाय तिचा हात वाढायचाच नाही. मुंबईचे लोक ते ऐकायलाच पुन्हा भात मागायचे, असं मला वाटायचं. भूक लागलेली असायची म्हणा त्यांना, पण लहानपणी असंच वाटतं.

आणि वर्षातून एकदा राखण. तुम्ही घाटावरचे, तुम्हाला ठाऊक नसेल. जमीन आपली नसते, तिचा एक राखणदार असतो, आपण तिथलं खातो तर वर्षाकाठी त्याला कोंबडा द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, बस्स. एका वर्षी आगबोटीची गर्दी फार, राखणीला ठेवलेला कोंबडा आईनं पाहुण्यांना रांधून घातला, बाबा म्हणाले, पुढच्या महिन्यात देऊ. पुढच्या महिन्यात बाबा माडावरून पडले, ते गेलेच. मी अकरा वर्षांचा होतो. त्यामुळे ही अंधश्रद्धा आहे वगैरे मला कोणी शिकवायला येऊ नये, मी ऐकून घेणार नाही.

मग मी पलटणीत गेलो, लंगरात. लंगर म्हणजे शिपायांचा भटारखाना. बंदूक थोडी, झारा जास्त. अठ्ठावीस वर्षं पोळ्या, डाळ, बटाटे, कुठल्या शेतातले देव जाणे, पोत्यातून आले की सोलायचे. शेवटचं पोस्टिंग इथं जयपूरला, आणि हवालदार होऊन सुटलो तेव्हा गावचं घर भावांनी वाटून घेतलेलं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. इंदू म्हणाली, इंदू म्हणजे आमची मंडळी, आतल्या खोलीत आहे, येईल चहा घेऊन, ती म्हणाली, इथं एवढी आपली माणसं आहेत, छावणीतले, इस्पितळातले डॉक्टर, कॉलेजातले प्रोफेसर, सगळे आपल्या जेवणाला वखवखलेले, इथंच खानावळ घाला. म्हणून ह्याच दोन खोल्या घेतल्या आदर्श नगरात, आणि रविवारी दुपारी वीस-पंचवीस पानं उठायला लागली.

पण भाजी! काय सांगू तुम्हाला, मंडीतली भाजी हातात घेतली की माझं डोकं फिरायचं. वांगं विचारलं कुठलं, तर भैया म्हणतो, अरे साब, वांगं आहे, खायचं तर घ्या. शेवटी चिडून एक दिवस आग्र्याच्या रस्त्याची बस पकडली, बस्सी नावाच्या गावाला उतरलो आणि शेतं बघत चालत सुटलो. तिथं कजोडजी भेटले. कजोडजी माळी, माझ्याच वयाचे, उंच, शिडशिडीत, बोलणं असं की शब्दाला पैसे पडतात. विहिरीवर मोट हाकत होते. मी म्हटलं, मला भाजी पाहिजे, पण माझ्या डोळ्यांसमोर खुडलेली. ते म्हणाले, तोडून घ्या. एवढंच.

मग मी गावाहून बियाणं मागवलं. लाल माठ, पडवळ, शिराळं, तवशी, आणि अळवाचे कंद गोणपाटात गुंडाळून. कजोडजींनी विहिरीच्या सांडपाण्यालगत एक तुकडा दिला मला. त्यांच्या घरचे लोक हसायचे, हे परबजी सापासारखी भाजी लावतात. अट एकच घातली त्यांनी, विहिरीच्या काठावर हात ठेवायला लावून घातली, की ह्या शेतात मांस, अंडं, दारू येणार नाही. मी हात ठेवला. म्हटलं, मला काय, मासे इथं मिळतात कुठं.

अळू आलं, पडवळ आलं, आणि इस्पितळातल्या एक डॉक्टरीणबाई होत्या, रत्नागिरीकडच्या, त्या पानावर बसल्या बसल्या रडल्या हो. म्हणाल्या, परब, हे कुठं मिळालं, मला ते शेत दाखवा. झालं, पुढच्या रविवारी दहा माणसं बसनं बस्सीला. स्वतः भाजी खुडायची, भाभी, म्हणजे कजोडजींची बायको, चुलीवर बाजरीची भाकरी थापायची, मी आणि इंदू तिथंच विहिरीजवळ रांधायचो, आणि मी वाढताना सांगायचो, हे पडवळ त्या खेजडीच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, बाजूच्या मांडवावरचं, हे अळू आत्ता तुम्हीच कापलंत. आईचाच हात आला होता हाताला. मग कोणाचे पाहुणे दिल्लीहून आले की आधी इथं, आमेरचा किल्ला नंतर. एकदा दोन गोरे आले, अळवाचं फदफदं बोटांनी चाटून खाल्लं. छावणीतली पोरं, ज्यांना मराठी बोलताना दर वाक्याला मतलब लागतो, ती पोरं पडवळाच्या मांडवाखाली पडून राहायची. सहा वर्षं हे चाललं. माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं म्हणाल तर ती. कजोडजींच्या दोन्ही बैलांची नावं मला ठाऊक, म्हशीचं ठाऊक, म्हशीच्या पारडीचं मीच ठेवलं.

आणि त्यातल्याच शेवटच्या वर्षांत पाऊस येईना. एक वर्ष नाही, दुसरं नाही, तिसऱ्या वर्षी विहिरीत वाकून बघितलं तर पाणी दिसायच्या आधी आवाज यायचा, इतकं खाली. अळू पिवळं पडलं. कजोडजींनी एक बैल विकला. तरी त्यांनी माझा तुकडा कधी कोरडा ठेवला नाही, स्वतःच्या वांग्यांचं पाणी मोडून माझ्या अळवाला देत होते, हे मला फार उशिरा कळलं. मला मात्र एकच गोष्ट खायला उठली, की आपण सहा वर्षं ह्या जमिनीचं खातोय आणि एकदाही राखण दिलेली नाही. बाबा दिसायचे डोळ्यांसमोर, माडाखाली पडलेले. मनात आलं, आता कजोडजी विहिरीत उतरतील गाळ काढायला आणि असंच काही होईल. खोटं नाही सांगत, मला त्यांची काळजी होती. माझ्या खानावळीची पण होती, ते पण सांगतो.

इंदूला म्हटलं, राखण देऊक व्हयी. ती म्हणाली, द्यायचीच तर नारळ द्या. मी म्हटलं, नारळान काय होतला? ती म्हणाली, अहो, त्यांचं शेत, त्यांचे देव, आधी त्यांना विचारा तरी. आणि मी काय म्हणालो, तू गप बस. एवढंच म्हणालो. विचारलं तर ते नको म्हणणार हे मला ठाऊक होतं ना. आणि शपथेचं म्हणाल तर मी मनाशी म्हटलं, शपथ मांस खाण्याबद्दल आहे, देवाला देण्याबद्दल नाही. माणूस स्वतःची कशी समजूत घालतो बघा.

कजोडजींकडची सगळी एका लग्नाला चाकसूला जाणार होती, तो दिवस मी धरला. भरदुपारी गेलो, पिशवीत कोंबडा, बसमध्ये शेजारचा सारखा पिशवीकडे बघत होता. शेताच्या कडेला खेजडीखाली एक दगड होता, शेंदूर लावलेला, वर पांढऱ्या कापडाची चिंधी. मी कितीदा बघितलं होतं, पहिलं वांगं, पहिला मुळा, म्हशीचं पहिलं दूध कजोडजी त्या दगडाशी ठेवायचे. माझ्या मनात शंकाच नाही, हाच राखणदार, आपल्याकडे पण असाच दगड असतो. अळवाचं पान घातलं, नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा, सहा वर्षा तुजा खाल्ला, चुकला माकला तुज्या पायाकडे, ह्या विहिरीक पाणी दी, ह्या घराक सुखी ठेव. आमच्याकडे गाऱ्हाण्याला मागून सगळे व्हय म्हाराजा म्हणतात, इथं मागे कोण, मीच गाऱ्हाणं घालायचो आणि मीच व्हय म्हाराजा म्हणायचो. मग कोंबडा कापला, रक्त दगडावर वाहिलं. बाकीचा कोंबडा घरी आणून रांधला, प्रसाद म्हणून खाल्ला. इंदूनं पानाला हातही लावला नाही.

तिसऱ्या दिवशी अमावास्या होती. दुपारी दारात कजोडजी. सहा वर्षांत ते कधी आमच्या घरी आले नव्हते, बोलावलं तरी यायचे नाहीत. मी म्हटलं, या या, पाणी आण गं. ते उंबऱ्याबाहेरच थांबले. म्हणाले, परबजी, खेजडीखाली रक्त आहे, पिसं आहेत. मी काय बोललो असेन? मी म्हणालो, कुत्र्यानं आणलं असेल कुठूनतरी ओढून. पलटणीत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस, आणि असं तोंडावर खोटं. ते म्हणाले, कुत्रा अळवाचं पान घालत नाही.

तरी मी पुन्हा तोंड उघडत होतो. तेवढ्यात इंदू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, भाईसाहेब, ह्यांनीच केलं. तुमच्या जमिनीच्या देवाला दिलं त्यांनी, तुमचं चांगलं व्हावं म्हणून, पण केलं ह्यांनीच.

कजोडजी तांब्याकडे बघत होते. म्हणाले, तो जमिनीचा देव नाही, बहेनजी. माझा थोरला मुलगा आहे. विहिरीत गेला, एकोणीस वर्षांचा होता, लग्न ठरलं होतं. अवेळी गेलेल्याला आम्ही पितर म्हणून तिथंच बसवतो, अमावास्येला त्याची आई खीर घेऊन जाते. आज गेली. परबजी, त्यानं आयुष्यात अंडंसुद्धा शिवलं नव्हतं.

ओरडले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, काठी घातली असती डोक्यात, मी वाकून उभा राहिलो असतो. मी पाय धरायला खाली वाकलो तर ते मागे सरले. खांद्यावरून एक गाठोडं काढून उंबऱ्यावर ठेवलं, अळवाचे सगळे कंद उपटून आणलेले, माती झटकून, आणि चिंधीत बांधलेलं पडवळाचं, माठाचं बी. ते पण वेगवेगळं बांधलेलं. म्हणाले, हे तुमचं आहे. आणि पाणी न पिता गेले.

रविवारची पानं मग एक-एक करत कमी झाली. लोकांना मी सांगितलं, विहीर आटली. ते पण खरंच होतं म्हणा, त्याच उन्हाळ्यात आटली. बस्सीतले लोक म्हणतात दुष्काळ, सगळ्यांच्याच आटल्या. मला तसं म्हणता येत नाही. डॉक्टरीणबाईंची बदली झाली, जाताना म्हणाल्या, परब, एकदा शेतात जाऊन येऊ या. मी म्हटलं, बसला फार गर्दी असते हल्ली.

मी अजून जातो. दर अमावास्येला, इंदू खीर करून देते, डब्यात घेऊन बस्सीला उतरतो आणि बांधापर्यंत जातो. आत जात नाही. भाभी दिसल्या तर डोक्यावरचा पदर पुढे ओढून पाठ फिरवतात. एकदा कजोडजींनी बघितलं, थांबले, वाटलं काही बोलतील, पण ते दोर सोडवत होते. डबा बांधावर ठेवून येतो, पुढच्या वेळी तो तिथंच असतो, तसाच, मुंग्यांनी भरलेला, मी धुऊन परत आणतो. दोन वर्षं झाली. माफी मागायला जातो असं म्हणू नका, मागायला तोंड कुठं आहे. सहा वर्षं त्या माणसाच्या शेतात जेवलो, कुठलं पान कुठल्या वाफ्यातलं ते शंभर जणांना सांगितलं, बैलांची नावं पाठ होती, आणि त्या दगडाशी कोण आहे हे एकदा विचारलं नाही. मेल्या, एकदा विचारायचं होतंस.

ते कंद बघा, तिथं खुंटीला टांगलेत गाठोड्यात. वाळून खडखडीत झालेत. लावत नाही आणि टाकवत पण नाही.

देवानं तुमचं बरं करावं, एवढा वेळ बसून ऐकलंत. लिहिणार असाल तर एक करा, माझं नाव नाही घातलंत तरी चालेल, त्या पोराचं घाला. गोपाल नाव होतं. ते पण त्या दिवशी दारात मीच विचारलं, ते पाठ फिरवून निघाले तेव्हा, आणि त्यांनी थांबून सांगितलं.

चला, हात धुवा, इंदू पान घेते आहे. भाजी मंडीतली आहे, कुठली ते मला ठाऊक नाही.