अस्सीच्या अलीकडे

चौऱ्याण्णव सालच्या कार्तिकात आमच्या घरमालकाचा मुलगा पप्पू नवा कागद घेऊन वर आला आणि चालू भाडेकरारात त्यानं एक अट वाढवली: भाडेकरूच्या घरात कुणी गंभीर आजारी पडलं तर त्याला खोलीत ठेवायचं नाही, अस्सीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात हलवायचं, आणि मयत झालीच तर या घरातून न्यायची नाही.

मी मूळची झाशीची. लग्न होऊन काशीत ब्रह्मा घाटावर आले ती इथलीच झाले. आमचे हे रेल्वेत पार्सल ऑफिसात, मी घरी शिवण करते, ब्लाउज, परकर, साडीला फॉल. सासूबाईंचा जन्मच इथला. सासरे गेले तेव्हा सासूबाईंनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे काय सांगू तुम्हाला, वरुणा नदी आणि अस्सी नाला यांच्या मधली ती काशी, तिच्या बाहेर मरेपर्यंत पाऊल टाकायचं नाही. नातवाची मुंज पुण्याला झाली, गेल्या नाहीत. समोर गंगेपलीकडे रामनगर दिसतं, लोक नावेनं जाऊन संध्याकाळी परत येतात, तिथंही गेल्या नाहीत. प्राण जायचा तर काशीत, आणि याच खोलीत, एवढंच त्यांचं मागणं.

जुने मालक, पप्पूचे वडील, त्यांना हे ठाऊक होतं. भाभी, ये कमरा आपका है, आखिर तक, असं ते म्हणायचे. कागद सासूबाईंच्या नावावर दर चैत्रात व्हायचा, पण तो आपला रिवाज म्हणून. ते दसऱ्याआधी वारले आणि कारभार पप्पूकडे आला. त्यानं खालच्या खोल्या परदेशी पोरांना दिल्या, तबला-सतार शिकायला येतात ती. शेजारच्या घरातून तिरडी निघाली तर त्या पोरांतली एक मुलगी चौकात उभी राहून रडत सुटली आणि आठवड्यात खोली सोडून गेली. तिथून ही अट निघाली.

आमच्या ह्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, सही करून टाकू, इस्पितळ तर बनारसमध्येच आहे. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, बनारस म्युन्सिपाल्टीचं रे, काशी अस्सीला संपते. आमचे हे कितीदा अस्सीवरून सायकलनं गेलेले, आणि ह्यांना ते सुचलं नाही. मग त्या पप्पूला म्हणाल्या, क्यों रे, तेरी मालिश इन्हीं हाथों से की, और तू मुझे नाले के पार फेंकेगा? पप्पू म्हणाला, काकी, आप तो सौ साल जिएँगी, ये तो बस लिखने की बात है। त्या म्हणाल्या, तो मत लिख.

ह्यांच्या ओळखीचे एक वकील होते. ते म्हणाले, चालू करारात मध्येच अट घालता येत नाही, दोघांची संमती लागते, तुम्ही सही करू नका. पण चैत्रात मुदत संपते, तेव्हा तो काय करील ते मी सांगू शकत नाही. आम्ही सही केली नाही. पप्पू भांडला नाही, चिडलाही नाही. ठीक है, चैत में देखेंगे, एवढं म्हणाला आणि जिना उतरला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

तो सगळा हिवाळा आम्ही खोली शोधत फिरलो. मशीनवर बसलं की टीप वाकडी जायची, उठायचं, खिडकीत जायचं, परत बसायचं. दुर्गा घाट, पंचगंगा, गल्ली गल्ली पाहिली. घरमालकीण आधी विचारायची, किती माणसं, आणि मग, माताजी बीमार तो नहीं रहतीं? आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही, ते गप्प राहायचे, आणि ते गप्प राहिले की खोली दुसऱ्याला दिलेली असायची. इकडे सासूबाईंना खोकला लागला. पप्पूची चाहूल लागली की त्या तोंडात पदर कोंबायच्या. थंडीत गंगेवर जायच्या, आणि चौकात पप्पू दिसला की हातातली कळशी या हातातून त्या हातात घेत जिना असा चढायच्या की मीच मागे पडायचे. वर आल्या की भिंतीला टेकून बसायच्या. मी म्हणायचे, अहो सासूबाई, असं करून आजच जाल. त्या म्हणायच्या, चैत्रापर्यंत नाही जात.

माघात पप्पूच्या आईलाच दम लागला. अम्मा खाली राहायच्या, अटीबद्दल त्या एक शब्द कधी बोलल्या नव्हत्या. पप्पूनं गाडी आणली. अम्मांनी चौकट धरली. हमें यहीं रहने दो, त्या म्हणत होत्या. तो म्हणाला, अम्मा, दो दिन की बात है, डॉक्टर कह रहे हैं ठीक हो जाओगी। मीच त्यांची बोटं सोडवली, गाडीत बसवलं, पायावर शाल टाकली. गाडीत त्या सारख्या विचारत होत्या म्हणे, अस्सी आ गया क्या, आणि पप्पू म्हणत होता, अभी नहीं. इस्पितळातच त्या गेल्या. दहन मणिकर्णिकेवर झालं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, काशीत अग्नी मिळाला, मुक्ती मिळाली. वर आल्यावर सासूबाई आम्हाला म्हणाल्या, प्राण कुठे सुटला ते पाहतात, देह कुठे जळला ते नाही. पप्पूसमोर त्या हे बोलल्या नाहीत. तेरावं होईपर्यंत रोज खाली जाऊन त्याच्याजवळ बसायच्या.

चैत्रात पप्पू कागद घेऊन आला. टाइप आधीच झालेला होता, अट तशीच होती. सासूबाईंनी चष्मा लावला नाही, तूच वाच म्हणाल्या. तो वाचत गेला, त्या अटीपाशी आला आणि थांबला. आमचे हे खाली बघत होते. मी मशीनवर हात ठेवून उभी होते. त्यानं ह्यांच्याकडे पेन मागितलं, ती सगळी ओळ खोडली, बाजूला सही केली आणि म्हणाला, काकी, आगे पढ़ूँ? सासूबाई म्हणाल्या, पढ़.

पुढच्या फाल्गुनात सासूबाई त्याच खोलीत गेल्या. दुपारची वेळ होती, त्यांनी ताक मागितलं होतं. चौकातून, पुढच्या दारानं नेलं. आता करार आमच्या ह्यांच्या नावावर आहे. दर चैत्रात नवा कागद होतो. ती अट त्यात परत आलेली नाही.